‘इस्रायलपुत्र’ कीं ‘देवपुत्र’? : मोशेच्या गीतांतील एका पाठाचें परीक्षण

जुन्या करारांतील ‘अनुवाद’ नामक ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायांत एक दीर्घ गीत आहे. मोशेनें मरणापूर्वीं तें सर्व लोकांस ऐकविलें, असें ग्रंथांत म्हटलें आहे. या गीताच्या आठव्या वचनाचा आशय असा कीं, परात्पर देवानें राष्ट्रांस त्यांचीं वतनें वांटून दिलीं तेव्हां त्यांच्या सीमा एका विशिष्ट संख्येस अनुसरून ठरविल्या. ही संख्या कोणाची, याविषयीं हस्तलिखितांत एकवाक्यता नाहीं. एक परंपरा म्हणते, ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलाच्या पुत्रांची. दुसरी म्हणते, ‘बेने एलोहीम’, म्हणजे देवाच्या पुत्रांची. फरक एका शब्दाचा. परंतु या एका शब्दावर इब्री लोकांच्या एकेश्वरवादाच्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण उभें आहे. या विषयावर गेल्या शतकांत पुष्कळ ग्रंथ झाले, आणि त्यांतील कांहींचा निकाल प्रमाणांच्या पुढें धांवतो असें आमचें मत झालें आहे. म्हणून प्रथम पाठ, मग त्याची पार्श्वभूमि, आणि शेवटीं ग्रंथकारांचीं मतें, या क्रमानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम साक्षी पाहूं. ‘इस्रायलपुत्र’ हा पाठ मासोरा परंपरेचा आहे. या परंपरेचें सर्वांत प्रतिष्ठित हस्तलिखित म्हणजे इसवी सन ९३० च्या सुमाराचें अलेप्पो येथील पुस्तक. १९४७ सालच्या दंगलींत त्याची हानि झाली, आणि मोशेच्या पांच ग्रंथांपैकीं ‘अनुवादा’च्या अखेरच्या कांहीं अध्यायांखेरीज सर्व भाग नाहींसा झाला. सुदैवानें हें गीत त्या उरलेल्या पानांत आहे. सन १००८ च्या सुमारास पुरें झालेलें लेनिनग्राडचें पुस्तकही याच पाठाचें आहे. शोमरोनी लोकांची स्वतंत्र प्रत, अंकेलसचें अरामी भाषांतर आणि जेरोमचें लॅटिन भाषांतर हीं सर्व त्याच बाजूस उभीं आहेत. डोकीं मोजून निकाल द्यावयाचा असेल तर वाद येथेंच संपला.

परंतु हस्तलिखितें मोजावयाचीं नसतात, तोलावयाचीं असतात. दुसऱ्या बाजूस ख्रिस्तपूर्व काळांत झालेलें ग्रीक भाषांतर आहे. त्याच्या बहुतेक प्रतींत ‘देवाचे दूत’ असा पाठ मिळतो, तर कांहीं साक्षींत ‘देवाचे पुत्र’ असा मिळतो. ग्रीक भाषांतरकारापुढें जी इब्री प्रत होती तींत ‘इस्रायल’ हा शब्द असता, तर त्यापासून दूत किंवा देवपुत्र कसे निघाले याचा उलगडा होत नाहीं. तथापि भाषांतर हें परभाषेंतील साक्ष होय, आणि केवळ त्याच्या बळावर मूळ पाठ बदलूं नये, असें म्हणणारांचा पक्ष बराच काळ दुबळा नव्हता.

हा वाद मृतसमुद्राच्या कांठच्या गुहांनीं मिटविला. कुमरान येथील चौथी गुहा १९५२ सालीं उघडकीस आली. तींतून निघालेल्या चामड्याच्या हजारों तुकड्यांत ‘अनुवाद’ ग्रंथाच्या अनेक प्रतींचे अवशेष होते. त्यांपैकीं एका प्रतीच्या तुकड्यावर या वचनाचा शेवट वाचतां येतो, आणि तेथें इब्री अक्षरांत स्पष्ट ‘बेने एलोहीम’ असें आहे. प्रतीचें वळण इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलें मानतात. म्हणजे ती अलेप्पोच्या पुस्तकाहून सुमारें नऊशें वर्षांनीं जुनी ठरते. या तुकड्यांची शास्त्रशुद्ध आवृत्ति १९९५ सालीं छापली गेली. ग्रीक भाषांतरकारानें कांहीं मनचें घातलें नव्हतें, त्याच्यापुढें अशीच प्रत होती, हें आतां नाकारतां येत नाहीं.

जुनी प्रत म्हणून तिचाच पाठ मूळचा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. वय हें प्रमाणांपैकीं एक प्रमाण आहे, निर्णय नव्हे. खरा प्रश्न असा कीं, कोणत्या पाठापासून दुसरा निघाला असें मानल्यास कारण सांपडतें? ‘इस्रायलपुत्र’ मूळ मानला तर एखाद्या धर्मनिष्ठ लेखकानें आपल्या पूर्वजांस खोडून त्या जागीं अनेक देवपुत्र आणून बसविले असें मानावें लागतें, आणि त्याचा हेतु सांगतां येत नाहीं. उलट ‘देवपुत्र’ मूळ मानला तर पुढच्या काळांतील लेखकाच्या कानास तो शब्द कां खुपला असेल हें कोणीही सांगेल. शिवाय अर्थाकडे पाहतां, राष्ट्रांची विभागणी झाली तेव्हां इस्रायलाचा जन्मही झालेला नव्हता. मग त्याच्या पुत्रांच्या संख्येवरून सीमा ठरवाव्या कशा? टीकाकारांनीं याचें उत्तर असें दिलें कीं, ‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत राष्ट्रें सत्तर मोजतां येतात आणि मिसर देशांत गेलेलीं याकोबाच्या घराण्यांतील माणसेंही सत्तरच होतीं. उत्तर चतुराईचें आहे. परंतु संशोधकानें पाठ बदलतांना हाच सत्तराचा आधार घेतला असावा, हें त्यावरून अधिक संभवतें. एका उत्तरकालीन अरामी भाषांतरांत तर राष्ट्रांचे सत्तर दूत आणि याकोबाचीं सत्तर माणसें असे दोन्ही पाठ एकत्र गोंवलेले आहेत. जुन्या पाठाची आठवण सर्वत्र पुसली गेली नव्हती, याची ही खूण होय.

एका स्थळावरून लेखकाचा हेतु ठरविणें धाडसाचें झालें असतें. परंतु याच गीताच्या त्रेचाळिसाव्या वचनांत तसाच प्रकार आहे. तेथें कुमरानच्या दुसऱ्या एका प्रतींत स्वर्गास उद्देशून हांक आहे, आणि सर्व एलोहीमांनीं, म्हणजे देवांनीं, इस्रायलाच्या देवास नमन करावें अशी आज्ञा आहे. मासोरा पाठांत स्वर्गाच्या जागीं राष्ट्रें आलीं आहेत आणि देवांच्या नमनाची ओळ मुळींच नाहीं. एकाच गीतांत दोन स्थळीं, एकाच दिशेनें, एकाच प्रकारचा शब्द गळावा हा हस्तदोष नव्हे. येथें कोणीतरी विचारपूर्वक लेखणी फिरविली आहे.

आतां हे देवपुत्र आले कोठून, हें पाहिलें पाहिजे. सीरियाच्या किनाऱ्यावर १९२८ सालीं एका शेतकऱ्याच्या नांगरास जुन्या थडग्याचा दगड लागला. पुढील वर्षीं क्लोद शेफर यांनीं जवळच्या रास शामरा टेंकडीवर उत्खनन आरंभिलें आणि उगारित नांवाचें प्राचीन नगर उजेडांत आलें. मातीच्या विटांवर कीलाकार चिन्हांनीं लिहिलेल्या, पण अवघ्या तीस वर्णांच्या, एका अज्ञात लिपीचे लेख तेथें मिळाले. हान्स बाउअर, एदुआर दोर्म आणि शार्ल विरोलो या तिघांच्या प्रयत्नांनीं १९३० सालींच ती लिपि वाचली गेली. या विटांपैकीं बआल देवाच्या आख्यानाच्या सहा विटा प्रसिद्ध आहेत. हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष कौतुक वाटेल तें हें कीं, त्यांस समाप्तिलेख आहे: लेखक इलिमिल्कु, त्याचा गुरु अत्तेनु आणि आश्रयदाता उगारितचा राजा निक्मद्दु यांचीं नांवें त्यांत दिलीं आहेत. पूर्वीं या विटा ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांत घालीत. अलीकडे तेराव्या शतकाकडे पुष्कळांचा कल आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीं तें नगर उद्ध्वस्त झालें.

या आख्यानांत देवांचा पिता एल हा वृद्ध व दयाळु अधिपति आहे. त्याच्या भोंवतीं देवपुत्रांची सभा भरते. त्याची पत्नी अथिरत हिचे सत्तर पुत्र आहेत असा उल्लेख आहे. आणि मेघांवर आरूढ होणारा तरुण बआल समुद्राशीं व मृत्यूशीं लढतो. आतां मोशेच्या गीताकडे परत वळावें. परात्पर वांटणी करतो, ती देवपुत्रांच्या संख्येस अनुसरून करतो, आणि नवव्या वचनांत याकोब हा यहोवाचा वांटा ठरतो. बयाशिव्या स्तोत्रांत तर देव देवसभेंत उभा राहून इतर देवांचा न्याय करतो आणि ते मर्त्यांप्रमाणें मरतील असा निकाल देतो. हीं दोन स्थळें एकाच भाववृत्तीचीं आहेत, आणि तिचें चित्र उगारितच्या विटांवर पूर्ण रंगलेलें सांपडतें.

साम्य एवढ्यावर थांबत नाहीं. बआलानें मारलेल्या सप्तशीर्ष सर्पास उगारितच्या लेखांत जीं दोन विशेषणें लाविलीं आहेत, तींच ‘यशया’च्या सत्ताविसाव्या अध्यायांत लिव्याथान सर्पास लाविलेलीं आहेत. तेथें मारणारा मात्र यहोवा आहे. एकोणतिसाव्या स्तोत्रांत यहोवाच्या गर्जनेचें वर्णन असून त्याची भूमि लबानोन व सिर्योन, म्हणजे उत्तरेकडील आहे; आरंभीं देवपुत्रांसच संबोधन आहे. हें स्तोत्र मुळांत कनानी असून बआलाच्या जागीं यहोवाचें नांव घातलें गेलें, असें एच. एल. गिन्झबर्ग यांनीं १९३५ सालीं सुचविलें. मूळ स्तोत्र हातीं नसल्यामुळें हा तर्कच राहणार. पण तो समजसपणाचा तर्क आहे.

एवढी सामग्री हातीं आल्यावर तिचा अर्थ लावणारे ग्रंथ होणें स्वाभाविक होतें. त्यांपैकीं तिघांचा विचार करूं.

यहेज्केल काउफमान यांनीं १९३७ ते १९५६ या काळांत इब्री भाषेंत इस्रायली धर्माचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. एकेश्वरवाद ही या लोकांची आरंभापासूनची स्वतंत्र निर्मिति होय. सभोंवतालच्या देवकथांशीं तिचा जिवंत संबंध नव्हता. लोकांत जी मूर्तिपूजा दिसते ती वरवरची होती, असा त्यांचा सिद्धान्त. ग्रंथाची विद्वत्ता मोठी, आणि इस्रायली धर्माचें वेगळेपण त्यांनीं जितकें ठसविलें तितकें दुसऱ्या कोणीं ठसविलें नाहीं. परंतु देवपुत्रांचा पाठ, देवसभेचें स्तोत्र आणि लिव्याथानाचीं विशेषणें यांस ‘जिवंत संबंध नव्हता’ एवढ्यानें उत्तर होत नाहीं. ज्या शब्दाची भीति वाटून लेखकानें तो बदलला, तो शब्द त्या काळीं जिवंतच असला पाहिजे.

फ्रँक मूर क्रॉस यांनीं १९७३ सालच्या ग्रंथांत दुसरें टोंक गाठलें. यहोवा हें मुळांत एल देवाचेंच एक विशेषण होतें आणि पुढें तें स्वतंत्र नांव झालें, असें त्यांचें मत. त्यास आधार आहे: ‘इस्रायल’ या नांवांतच एल आहे, यहोवा नाहीं. मर्नेप्ताह राजाच्या सुमारें ख्रिस्तपूर्व १२०८ च्या शिलालेखांत हें नांव येतें, आणि तो या नांवाचा निर्विवाद असा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. ‘निर्गम’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांतही पूर्वजांस देव एल-शद्दाय या नांवानें ठाऊक होता, यहोवा या नांवानें नव्हे, असें म्हटलें आहे. परंतु अति प्राचीन गीतांत यहोवा सेईर, अदोम, पारान या दक्षिणेकडील प्रदेशांतून येतो. आणि तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळच्या सोलेब येथील मिसरी यादींतही यहोवाच्या नांवाशीं मिळतें एक नांव दक्षिणेच्या भटक्या लोकांशीं जोडलेलें आढळतें. उत्तरेच्या एलचें विशेषण दक्षिणेच्या डोंगरांतून कां यावें, याचें उत्तर क्रॉस यांच्या मांडणींत आम्हांस समाधानकारक मिळालें नाहीं.

तिसरे मार्क स्मिथ. देवाच्या आरंभींच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९९० सालीं निघाला व २००२ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आरंभीं इस्रायली धर्म हा कनानी धर्माचाच एक भाग होता. एल, बआल, अशेरा यांचे गुणधर्म प्रथम यहोवाच्या ठायीं मिळून गेले; आणि नंतर जें पूर्वीं आपलेंच होतें त्यांतील कांहीं ‘परक्यांचें’ म्हणून टाकून देण्यांत आलें. आमच्या मतें तिघांत हा ग्रंथ अधिक तोलाचा आहे. कारण मिळून जाणें आणि वेगळें होणें या दोन क्रिया तो निरनिराळ्या ठेवतो.

या दुसऱ्या क्रियेस पाठपरंपरेंतूनच उत्तम पुरावा मिळतो. शौल राजाच्या एका पुत्राचें नांव ‘इतिहास’ ग्रंथांत एशबआल, म्हणजे बआलाचा माणूस, असें आहे. ‘शमुवेल’ ग्रंथांत तेंच नांव ईशबोशेथ, म्हणजे लज्जेचा माणूस, असें झालें आहे. दावीदाच्या एका पुत्राचें नांव एकीकडे बएल्यादा, तर दुसरीकडे एल्यादा आहे. खिर्बेत कैयाफा येथें मिळालेल्या एका घागरीवर एशबआल हें नांव कोरलेलें असून तो लेख २०१५ सालीं प्रसिद्ध झाला; म्हणजे असें नांव त्या काळीं खरोखर चालत होतें. ‘होशेय’ ग्रंथांत लोक यहोवास यापुढें ‘माझा बआल’ म्हणणार नाहींत असा आशय आहे. यावरून पूर्वीं ते तसें म्हणत असत हें उघड होतें. जें नांव बापानें निःशंक मनानें मुलास ठेविलें, तें काहीं शतकांनीं लेखकास उच्चारवेना, हा बदल या पानांवर डोळ्यांनीं पाहतां येतो.

तथापि स्मिथ यांच्या मतास मान देऊनही त्यांच्या अनुयायांच्या उतावीळपणाविरुद्ध तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

पहिली: उगारित म्हणजे कनान नव्हे. तें नगर पुष्कळ उत्तरेस होतें, आणि तेथीलच एका यादींत ‘कनानी’ हा शब्द परकीय मनुष्यास लाविलेला आहे. उगारितचा नाश आणि मोशेच्या गीताचें आजचें रूप यांमध्यें काहीं शतकांचें अंतर आहे. या विटा शेजारच्या व नात्यांतल्या परंपरेचें दर्शन घडवितात. इस्रायली लेखकानें त्या पुढ्यांत ठेवून उतरून घेतल्या, असें कोणीं समजूं नये.

दुसरी: आठव्या वचनाचा मूळ पाठ ‘देवपुत्र’ असा मानला तरी यहोवा हा परात्पराच्या पुत्रांपैकीं एक होता, हें आपोआप सिद्ध होत नाहीं. परात्परानें इतर राष्ट्रें देवपुत्रांस दिलीं आणि याकोब स्वतःसाठीं राखला, असाही अन्वय शक्य आहे. आणि आजच्या गीताच्या ओघांत तोच अधिक सरळ बसतो. याहून जुना अर्थ मागें लपलेला असेल. पण पाठनिर्णय आणि अर्थनिर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला झाला म्हणून दुसरा गृहीत धरणें ही या विषयांतील नेहमींची चूक आहे.

तिसरी गोष्ट अशेरेची. सिनायच्या ईशान्य भागांत कुंतिल्लेत अज्रुद येथें झेएव मेशेल यांनीं १९७५–७६ सालीं उत्खनन केलें. तेथील मोठ्या रांजणांवर ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे आशीर्वादपर लेख आहेत. त्यांत शोमरोनचा यहोवा व ‘त्याची अशेरा’, तसेंच तेमानचा यहोवा व ‘त्याची अशेरा’ असे उल्लेख आहेत. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम येथील थडग्याच्या लेखांतही तोच शब्दप्रयोग आहे. एवढ्यावरून ‘देवाची पत्नी सांपडली’ असा डांगोरा पिटण्यांत आला. परंतु इब्री भाषेंत विशेषनामास ‘त्याचा’ अथवा ‘त्याची’ असा षष्ठीचा प्रत्यय लावण्याची रूढि नाहीं. म्हणून येथें अशेरा हें देवतेचें नांव नसून देवस्थानांतील पवित्र स्तंभाचें नांव असावें, असा आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. स्मिथ यांनीं स्वतः या बाबतींत संयम राखला आहे. रांजणावरील चित्रांतल्या दोन आकृति यहोवा व अशेरा यांच्याच, असेंही कांहींनीं लिहिलें. पण त्या आकृति बेस या मिसरी देवतेच्या वळणाच्या आहेत, आणि अक्षरें चित्रावर चढलेलीं आहेत. चित्र व लेख एका वेळचे, एका हातचे व एका विषयाचे आहेत हें सिद्ध झाल्यावांचून एकास दुसऱ्याचा मथळा मानूं नये. स्तंभ असो कीं देवता, एवढें मात्र खरें कीं, पुढें निषिद्ध ठरलेली वस्तु त्या काळीं यहोवाच्याच नांवाबरोबर आशीर्वादांत घेतली जात होती.

मग एकेश्वरवाद कनानी लोकांपासून उसना घेतला काय? आमचें उत्तर नाहीं असें आहे, आणि तो कनानी परंपरेशीं संबंध नसतां एकाएकीं प्रकट झाला असेंही नाहीं. भाषा, उपमा, देवसभा, मेघारूढ देव ही सामग्री समाईक होती. त्या सामग्रीचें जें केलें गेलें तें समाईक नव्हतें. दुसरा देव मुळीं नाहींच, असें निःसंदिग्ध विधान ‘यशया’च्या उत्तर भागांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील बाबेलच्या बंदिवासाच्या सुमारास, वारंवार येऊं लागतें. त्यानंतरही ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीस मिसरांतील एलेफंटिनी येथल्या यहुदी वसाहतीच्या वर्गणीच्या यादींत याहूबरोबर एशमबेथेल व अनतबेथेल यांच्या नांवेंही रकमा मांडलेल्या आहेत. एका दिवसांत, एका पुरुषानें, सर्वांसाठीं असा हा बदल झाला नाहीं. तो हळूहळू झाला, आणि त्याचा एक टप्पा आपणांस मोशेच्या गीतांतील त्या एका शब्दांत सांपडतो.

येथें पाठसंशोधकांच्या एका सवयीविषयीं बोलणें प्राप्त आहे. ‘बेने इस्रायल’ हा पाठ मूळचा नाहीं असें ठरलें म्हणजे तो अशुद्ध म्हणून फेंकून द्यावा असें कांहींस वाटतें. तर तो पवित्र परंपरेचा म्हणून ‘बेने एलोहीम’ दडवावा असें दुसऱ्या कांहींस वाटतें. दोन्ही गोष्टी इतिहासास मारक आहेत. जुना पाठ इस्रायलाची पूर्वश्रद्धा सांगतो. नवा पाठ त्या श्रद्धेंतून एकेश्वरवाद कसा शुद्ध होत गेला हें सांगतो. संशोधकाचा फेरफार हाही एक ऐतिहासिक दस्तऐवजच होय. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत सुकठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नाकारलेले पाठही पृष्ठाच्या तळाशीं जपून ठेविले, त्यांतील मर्म हेंच आहे.

आपल्या कोंकणांत ‘बेने इस्रायल’ याच नांवानें ओळखला जाणारा समाज शतकानुशतकें नांदला. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचें नांव या वचनावरून आलेलें नाहीं. तो शब्द जुन्या करारांत शेंकडों ठिकाणीं आहे. परंतु इब्री भाषेचा बहुतेक विसर पडला असतांही देवाच्या एकत्वाची प्रतिज्ञा, ‘शेमा’, त्यांनीं मुखांत राखली होती, असें त्यांची परंपरा सांगते. ज्या श्रद्धेसाठीं एका अनाम लेखकानें पुस्तकांतील शब्द बदलला, ती श्रद्धा पुस्तक हातीं नसतांही टिकली. तिचा उगम देवसभेच्या जुन्या कल्पनेंतून झाला असें दाखविल्यानें तिचें मोल कमी होत नाहीं. नदीचा उगम शोधणारा नदीचा शत्रु नसतो.

संग्राहकांस शेवटीं एवढीच विनंती कीं, आपल्या दप्तरांत एखादी प्रत प्रचलित पाठाशीं जुळत नसेल तर ती ‘चुकीची’ म्हणून बाजूस टाकूं नये, आणि तिच्यावर दुरुस्तीची लेखणी तर मुळींच चालवूं नये. एका चामड्याच्या तुकड्यावरील एक शब्द शाबूद राहिला नसता, तर ग्रीक भाषांतरकारावर स्वैरपणाचा आरोप आजही राहिला असता.